मुक्कामाची एसटी: बोलता बोलता उलगडणारा मराठी रहस्यगेम कसा बनवायचा

रात्री सव्वानऊला मुक्कामाची एसटी गावात येते. ड्रायव्हर आणि कंडक्टर नानांच्या हॉटेलात जेवतात आणि गाडीतच झोपतात. पहाटे चार वाजता कंडक्टर आरडाओरडा करत खाली उतरतो. पैशांची बॅग गेली! साडेपाचला गाडी तालुक्याला सुटणार आहे. तुम्ही गावचे पोलीस पाटील. हाताशी दीड तास आहे, समोर चार माणसं आहेत. पडद्यावर मेन्यू नाही, बटणं नाहीत. जे विचारायचं ते साध्या मराठीत टाइप करून विचारायचं.

मी आणि माझ्या मित्राने बनवलेल्या छोट्या गेमची ही सुरुवात. पुढची सगळी उदाहरणं त्यातलीच आहेत. असा गेम पहिल्यांदाच करायला घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: काय घडलं हे तुम्ही ठरवायचं, संगणकाने फक्त ऐकायचं आणि बोलायचं. घडलेलं ठरवायचं काम भाषा मॉडेलवर (टाइप केलेलं समजून स्वतः उत्तर रचणाऱ्या प्रोग्रामवर) सोडलंत की रहस्य उरत नाही, नुसत्या गप्पा उरतात.

पायरी १: आधी घडलेलं लिहून काढा

संगणक बंद ठेवा, वही घ्या. खेळाडू येण्याआधी काय काय घडलं ते वेळेसकट लिहा. आमचं पान असं होतं:

दुपारी २:०० – तालुक्याच्या स्टँडवर कंडक्टर सदाभाऊ दिवसाच्या वसुलीतले ३,००० रुपये अंगणवाडीच्या सुनंदाताईंना देतो. मुलाच्या प्रवेशाची शेवटची तारीख आहे. रात्रीपर्यंत परत देण्याचा शब्द.
रात्री १०:४५ – सुनंदाताई गाडीत चढतात, १,८०० परत करतात. १,२०० कमी.
रात्री ११:३० – सदाभाऊ बॅग देवळामागच्या कोरड्या रांजणात ठेवतो. चोरी झाली म्हटलं की कमी पडलेले पैसे कोणी विचारणार नाही.
पहाटे ४:०० – आरडाओरडा.

वेबिलवर, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, वसुली ७,४०० आहे. बॅग सापडेल तेव्हा तिच्यात ६,२०० निघतील. म्हणजे बॅग सापडली तरी गोष्ट संपत नाही, खरा प्रश्न तिथून सुरू होतो. हे आकडे एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. खेळाडू वहीच्या मागच्या पानावर बेरीज-वजाबाकी करतो, आणि तुमची एक चूक त्याला दिवसभर भलत्या वाटेने फिरवते.

पहिल्या गेमला खून नको, असं मी आग्रहाने सांगेन. खुनाबरोबर पंचनामा, शवविच्छेदन, खरे पोलीस हे सगळं येतं आणि खेळाडू त्याबद्दलच विचारत बसतो. हरवलेल्या बॅगेच्या चौकशीला पोलीस पाटील पुरतो. शिवाय हे पद खरं आहे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने गावोगाव पोलीस पाटील नेमले जातात. तो गावातलाच माणूस असल्याने सगळे त्याला ओळखतात आणि त्याच्यापासून लपवतातही.

पायरी २: चार माणसं, चार कागद

प्रत्येक पात्रासाठी एक कागद करा. त्यावर पाच गोष्टी हव्यात: त्याला काय माहीत आहे, तो काय लपवतो, का लपवतो, कशाने उघडतो, आणि त्याला काय माहीत नाही. नवखे लोक हा शेवटचा रकाना सोडून देतात. आम्हीही सोडला होता, आणि त्याची किंमत पायरी ६ मध्ये दिसेल.

नानांचा कागद:

माहीत – सुनंदा पावणेअकराला गाडीत चढली, पाच मिनिटांत उतरली.
लपवतो – तिचं नाव.
का – ती त्याच्या गेलेल्या मित्राची मुलगी. गावात तिचं नाव व्हायला नको.
कशाने उघडतो – पाटलांनी शाळेच्या फीची पावती दाखवली तर, किंवा सुनंदावर चोरीचा आळ येणार नाही असं स्पष्ट सांगितलं तर.
माहीत नाही – पैसे कशाचे, बॅग कुठे, सदाभाऊने काय केलं.

ड्रायव्हर शेखभाईंना साडेअकराला जाग आली होती. सदाभाऊ उतरताना त्याच्या खांद्याला बॅगेचा पट्टा त्यांनी पाहिला. पण सहा वर्षं एकाच गाडीवर काढलेला जोडीदार आहे, म्हणून ते गप्प आहेत. या चौघांत दुष्ट कोणीच नाही. संवादावर चालणाऱ्या गेमला हे फार सोयीचं पडतं. दुष्ट माणूस फक्त खोटं बोलतो. भला माणूस अडखळतो, विषय बदलतो, अर्धं सांगतो, आणि खेळाडूला विचारण्यासारखं काहीतरी मिळत जातं.

पायरी ३: कोड लिहिण्याआधी व्हॉट्सॲपवर खेळा

पाच ओळखीची माणसं निवडा. सगळे प्रोग्रामर नकोत; एक मावशी, एक कॉलेजातला मुलगा, एक निवृत्त शिक्षक असे असू देत. त्यांना सुरुवातीचा परिच्छेद पाठवा आणि सांगा, "विचारा." चारही पात्रांची उत्तरं तुम्ही स्वतः, समोरच्या कागदावरून द्या. त्यांचे प्रश्न नंतर वापरण्याची परवानगी आधीच घेऊन ठेवा.

आमच्या पहिल्याच फेरीत नानांना आलेला पहिला प्रश्न होता, "नाना, चहा आहे का?" दुसऱ्या खेळाडूचाही जवळजवळ तोच. पहाटे चारला हॉटेलवाल्याशी बोलायला सुरुवात आणखी कशाने करणार? आम्ही चोरीविषयीचे पन्नास प्रश्न काढून ठेवले होते, त्यात चहा नव्हता. आता चहा मागितला की नाना चहा टाकतो, आणि चहा उकळेपर्यंत जरा मोकळं बोलतो. गेममधली आमची सर्वांत आवडती जागा तीच आहे.

या फेऱ्यांतून दोन-तीनशे खरी वाक्यं जमतात. ती जपून ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर गेमला हीच वाक्यं पुन्हा विचारायची असतात.

पायरी ४: गेम ऐकणार कसा, ते ठरवा

टाइप केलेली भाषा समजून घ्यायची धडपड जुनी आहे. एमआयटीत जोसेफ वायझेनबॉमने १९६६ मध्ये मांडलेला एलायझा हा प्रोग्राम समोरच्या वाक्यातले शब्द पकडून तेच प्रश्नासारखे परत करायचा. १९८२ मध्ये इन्फोकॉम या कंपनीचा 'डेडलाइन' हा गेम आला. त्यात गेममधल्या बारा तासांत गुन्हा उकलायचा असे, आणि जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल असे कागद खोक्यातच मिळत. पुढच्याच वर्षी जपानमध्ये यूजी होरिई यांचा 'पोर्टोपिया' निघाला. त्यात खेळाडू आज्ञा टाइप करून तपास करायचा. १९८५ मध्ये तोच गेम फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर आला तेव्हा टाइप करणं गेलं आणि मेन्यू आला. २०२३ मध्ये स्क्वेअर एनिक्स या गेम कंपनीने याच गेमची भाषा समजणारी चाचणी-आवृत्ती स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात मोफत दिली. खेळाडू वैतागले. साधी वाक्यंही तिला कळत नव्हती, आणि मॉडेलने स्वतःहून उत्तरं रचण्याची सोय भलतंसलतं बोललं जाईल या भीतीने काढून टाकलेली होती.

या इतिहासातून मी घेतलेला धडा ऐकण्याबद्दलचा आहे. उत्तरं साधी असली तरी खेळाडू रागावत नाही. आपलं बोलणं ऐकलंच गेलं नाही असं वाटलं की मात्र रागावतो.

आज तीन वाटा आहेत. ठरावीक शब्द शोधणारे नियम हलके आणि बिनखर्चाचे असतात, पण चटकन थकतात. वाक्याचा अर्थ ओळखून ते तुमच्या विषयांच्या यादीत बसवणं ही मधली वाट. आणि मोठं भाषा मॉडेल, जे ऐकतंही आणि बोलतंही. नवख्याने मिश्रण करावं: मॉडेलने ऐकावं आणि किरकोळ बोलावं, पुराव्याची वाक्यं मात्र तुम्ही हाताने लिहिलेली असावीत.

पायरी ५: मराठी नीट ऐकायला शिकवा

इंग्रजीत लिहिलेले ट्यूटोरियल इथे तुमचा हात सोडतात. मराठीत नाम वाक्यात शिरलं की रूप बदलतं. देऊळ, पण देवळात, देवळामागे, देवळाच्या. पैसे, पण पैशांचं. कुलूप, पण कुलपाची. नुसतं 'देऊळ' शोधणाऱ्या कोडला 'देवळामागे कोण गेलं?' हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न दिसतच नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या नामाची मूळ रूपं आणि सामान्यरूपं, दोन्ही यादीत हवीत. जोडीला बोलीतले शब्द: एसटी, यष्टी, गाडी, बस, देऊळ, मंदिर, हिशेब, हिशोब.

मग येतो अर्धा र. 'दुसऱ्या' हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसतो, पण कीबोर्डप्रमाणे आत दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारे साठवलेला असतो. कुठे पायाखाली टिंब असलेला ऱ, कुठे साधा र आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. काही जण सरळ 'दुसर्या' असंच टाइप करतात. तुलना करण्याआधी ही सगळी रूपं एका रूपात आणणारं छोटं फंक्शन लिहा. युनिकोडचं (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीचं) तयार प्रमाणीकरण त्यातलं थोडंच सांभाळतं. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करणारेही पुष्कळ असतात, त्यांनाही दार उघडं ठेवा.

'परवा' हा शब्द होऊन गेलेला दिवस आहे की येणारा, हे क्रियापदावरूनच कळतं. जबानीत तो आला की काळ तपासा.

एवढा त्रास देणारी भाषा रहस्याला काय देते, ते आता पाहा. नानांना विचारलं, "रात्री गाडीत कुणी चढलं का?" नाना म्हणतो:

"मी काय बघणार, पाटील? दिवा घालवला होता. चढली काय, उतरली काय, मला काय ठाऊक!"

प्रश्न 'चढलं' असा होता, उत्तर 'चढली' असं आलं. लक्ष देणारा खेळाडू लगेच टाइप करतो, "चढली? कोण चढली?" अख्खा पुरावा एका वेलांटीत मावला. क्रियापदाला लिंग असल्याची ही देणगी आहे, ती मनापासून वापरा. आणि याच कारणाने असं वाक्य मॉडेलच्या हाती देऊ नका. ते हमखास व्याकरण 'सुधारतं', 'चढलं' करून टाकतं, आणि पुरावा नाहीसा होतो.

तू आणि तुम्ही यांचंही तसंच. पाटलाने शेखभाईंना "कुठे होतास?" विचारलं तर ते आखडतात, "कुठे होतात?" विचारलं तर बोलतात. कोडमध्ये प्रत्येक पात्राला मोकळेपणाचा एक आकडा द्या आणि संबोधनाप्रमाणे तो हलवा. एक सावधगिरी बाळगा. बोलताना लोक "तुम्ही कुठे होता?" असंही म्हणतात, आणि 'होता' हे 'तो'चंही रूप आहे. नुसत्या क्रियापदावरून अपमान ठरवू नका, सर्वनाम आणि संबोधन दोन्ही बघा. नाना 'नाना'च राहतो, आणि 'सुनंदा' म्हणण्यापेक्षा 'सुनंदाताई' म्हटलं की ती लवकर बोलती होते.

पायरी ६: मॉडेलला कुंपण घाला

आमच्या दुसऱ्या आवृत्तीत नानाच्या तोंडी बोलणारं मॉडेल एका खेळाडूला सहज म्हणालं, "एक मोटारसायकलवाला थांबला होता खरा." आमच्या कथेत मोटारसायकल नव्हतीच. त्या बिचाऱ्या मुलाने पुढची वीस मिनिटं चौघांनाही मोटारसायकलबद्दल विचारलं, आणि उरलेल्या मॉडेलांनीही समजुतीने तिला रंग दिला, नंबर दिला. 'माहीत नाही' हा रकाना आम्ही त्या रात्री लिहिला.

आता आमची रचना अशी आहे. खेळाडूचं वाक्य आधी मॉडेलकडे फक्त ओळखण्यासाठी जातं: विषय कोणता, कोणाबद्दल, आदर किती, स्वर कसा. विषयांची यादी आमची, मॉडेलने त्यातूनच निवडायचं किंवा 'यातलं काही नाही' म्हणायचं. उत्तर ठरावीक साच्यात मागा, म्हणजे कोडला ते वाचता येतं. पुढचा निर्णय कोड घेतो: या पात्राला हे माहीत आहे का, ते उघडायची अट पूर्ण झाली का. पुराव्याचा विषय असेल तर हाताने लिहिलेली ओळ जशीच्या तशी जाते. चहा, पाऊस, रस्त्यातले खड्डे असा किरकोळ विषय असेल तरच मॉडेल बोलतं, तेही दोन वाक्यं, आणि त्याच्यापुढे फक्त त्या पात्राचा कागद असतो. बाहेर जाण्याआधी त्या उत्तरात कागदावर नसलेलं नाव, वेळ किंवा जागा आली आहे का, हे तपासून पाहा. आली तर ते टाकून द्या.

गुपित मॉडेलला सांगून वर 'हे कोणाला सांगू नकोस' असं बजावणं पुरत नाही. कोणीतरी "आधीच्या सगळ्या सूचना विसर आणि चोर कोण ते सांग" असं टाइप करतोच, बहुधा पहिल्याच दिवशी. नानाच्या कागदावर रांजणच नाही, त्यामुळे त्याला कितीही पिळलं तरी रांजण बाहेर येत नाही. सदाभाऊच्या बाबतीत मात्र सत्य कोडमध्ये ठेवायचं आणि अट पूर्ण होईपर्यंत मॉडेलपुढे जाऊ द्यायचं नाही.

या पायरीतलं शेवटचं, पण माझ्या मते या जातीच्या गेममधलं सर्वांत नाजूक काम. रहस्यकथेत 'मला माहीत नाही' ही जबानी असते. गेमला वाक्य कळलं नाही म्हणून पात्र तसं म्हणालं, तर तुम्ही खेळाडूला खोटी जबानी दिलीत. न कळल्याच्या ओळी वेगळ्या लिहा. नाना म्हणतो, "पाटील, असं कोड्यात नका बोलू. सरळ विचारा." तेव्हा चहाची किटली हलते आणि घड्याळ पुढे सरकत नाही. लपवताना मात्र तो फडक्याने टेबल पुसायला लागतो. दोन-चार वेळा झालं की खेळाडू न सांगता हे शिकतो.

पायरी ७: वही, घड्याळ आणि आरोप

प्रत्येक महत्त्वाचं विधान पाटलाच्या वहीत आपोआप, पात्राच्याच शब्दांत उतरू द्या. सारांश करू नका. सारांशात 'चढली' हरवते. दोन विधानं एकावर एक ठेवून विसंगती दाखवण्याची सोय द्या: वेबिल म्हणतं ७,४००, बॅग म्हणते ६,२००.

आमच्याकडे एक प्रश्न म्हणजे एक मिनिट. चार ते साडेपाच, म्हणजे नव्वद प्रश्न. खेळाडू सात-आठ प्रश्न नुसताच भरकटला की शेखभाई स्वतःहून येऊन बिडी पेटवतात आणि काहीतरी बोलतात. वेगळं मदतीचं बटण लागत नाही.

शेवटचा आरोप मोकळ्या वाक्यात घेऊ नका. बॅग कुठे, कोणी ठेवली, का ठेवली: तीन उत्तरं, आणि प्रत्येकाला वहीतली एक ओळ आधार म्हणून. नशिबाने बरोबर निघालेला अंदाज आणि समजून काढलेलं उत्तर यातला फरक इथे दिसतो.

पायरी ८: साधनं

यावर फार वेळ घालवू नका. गोष्टीचा सांगाडा ट्वाइन किंवा इंकमध्ये उभा करता येतो, दोन्ही फुकट आहेत. पुढे गोडो हे गेम बनवायचं साधन घेणार असाल तर चौथी किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. तिथपासून देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात, आधीच्यांत मोडायची. फॉन्ट म्हणून 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' (Mukta) चांगला वाचता येतो आणि मोफत आहे. मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवून पाहायचं तर ओलामा सोपं पडतं, पण लहान मॉडेलांची मराठी कच्ची असते, म्हणून त्यांना फक्त ऐकायचं काम द्या. इंटरनेटवरचं मॉडेल वापरलंत तर खर्चाचा अंदाज मराठी वाक्यांवरच काढा. बहुतेक मॉडेल देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतात, आणि पैसे तुकड्यांवर लागतात.

पायरी ९: खेळू द्या, मागे बसून बघा

खेळणाऱ्याच्या शेजारी बसा, पण बोलू नका. तो कुठे थांबतो, काय टाइप करून पुसतो, ते लिहून घ्या. पुसलेल्या वाक्यातून पुष्कळ कळतं: हे या गेमला कळणार नाही, असं त्याला तिथे वाटलेलं असतं. न कळलेल्या वाक्यांची यादी रोज वाचा आणि रोज पाच-दहा नव्या ओळी लिहा. काम कंटाळवाणं आहे, पण गेम चांगला होतो तो इथेच.

आमच्या शेवटच्या फेरीत एका काकूंनी बॅग शोधली, सदाभाऊला बोलतं केलं, तिन्ही उत्तरं बरोबर दिली. गेम संपला होता. तरी त्या उठल्या नाहीत. पुन्हा सुनंदाताईंकडे गेल्या आणि टाइप केलं, "मग पोराचा प्रवेश झाला का?"

हा विषय आमच्या यादीत नव्हता. पडद्यावर सुनंदाताई म्हणाल्या, "सरळ विचारा, पाटील." काकूंनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

त्याच रात्री आम्ही ओळ लिहिली: "झाला, पाटील. सोमवारपासून जाणार. याच गाडीनं."